रंगाआधी गाव: सिंदफणेकाठचे शिंजीर आणि त्यांची छायाचित्रे

बीड जिल्ह्याच्या पश्चिमेस, बालाघाटाच्या डोंगररांगांतून उतरून गोदावरीकडे जाणाऱ्या सिंदफणेच्या काठी शिरूर कासार हे तालुक्याचे गाव आहे. आसपासचा मुलूख कापूस, तूर आणि बाजरीच्या शिवारांचा, बांधावरच्या बाभळी-लिंबांचा आणि उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या ओढ्यांचा आहे. पाऊस बेभरवशाचा असल्याने दिवाळीच्या सुमारास येथील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी घरे सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नेमक्या त्याच मधल्या महिन्यांत, म्हणजे माघ-फाल्गुनात, या उघड्याबोडक्या दिसणाऱ्या प्रदेशात पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात आणि त्यांच्या फुलांवर अंगठ्याएवढे, चकाकते, क्षणभरही स्वस्थ न बसणारे पक्षी येतात. हातातल्या फोनने किंवा लांब भिंगाच्या कॅमेऱ्याने टिपलेले त्यांचे छायाचित्र जेव्हा दुसऱ्याच्या हाती जाते, तेव्हा त्याखाली पुष्कळदा ‘हमिंगबर्ड’ असे नाव पडते. हे नाव चुकीचे का ठरते आणि बरोबर नावापर्यंत छायाचित्रावरून कसे पोहोचता येते, हे समजून घेण्यासाठी सिंदफणेच्या खोऱ्यातला प्रवास फार उपयोगी आहे, कारण येथे शक्यता मोजक्या आहेत आणि झाडे उघडी आहेत.

पहिली गोष्ट भूगोलाची. हमिंगबर्ड हे ट्रॉकिलिडी या कुळातले पक्षी असून त्यांच्या सुमारे ३६० जाती आज जगात आहेत, आणि त्या सर्वच्या सर्व अमेरिका खंडांत, अलास्कापासून दक्षिण टोकाच्या तिएरा देल फ्युएगोपर्यंत आणि कॅरिबियन बेटांवर राहतात. भारतात, आफ्रिकेत, युरोपात त्यांची एकही जात रानात आढळत नाही. पूर्वी मात्र असे नव्हते. जर्मनीत फ्राउएनवायलर येथे सापडलेल्या आणि गेराल्ड मायर यांनी २००४ साली वर्णन केलेल्या सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांवरून, हमिंगबर्डांचे नातलग एके काळी जुन्या जगातही फुलांपुढे तरंगत होते असे दिसते. परंतु तो इतिहास झाला. आज शिरूरच्या बांधावर टिपलेल्या छायाचित्राचा विचार हमिंगबर्डच्या जातींपासून सुरू करण्याचे कारण उरत नाही, आणि एवढे एक वाक्य माहीत असले तरी निम्मे काम होते.

येथे दिसतो तो शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. नेक्टारिनिडी या त्याच्या कुळात सुमारे १४५ जाती असून त्या आफ्रिकेपासून आशियातून थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागापर्यंत पसरल्या आहेत. हमिंगबर्डचे जवळचे नातलग पाकोळ्या, तर शिंजिराचे नाते चिमण्या-फुलटोच्यांच्या मोठ्या गटाशी, इतके हे दोघे वंशाने दूर आहेत. फुलातला मध पिण्याचे एकच काम दोघांनी स्वतंत्रपणे पत्करल्यामुळे दोघांनाही बारीक लांब चोच, लांब जीभ आणि धातूसारखी झळाळी लाभली. भिन्न वंशांच्या जीवांना एकाच गरजेतून असे सारखे रूप येण्याला जीवशास्त्रात अभिसारी उत्क्रांती म्हणतात, आणि शिंजीर-हमिंगबर्ड ही जोडी तिचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. फरक बसण्यात आहे. हमिंगबर्डचा खांद्याचा सांधा असा फिरतो की पंख खाली येताना आणि वर जाताना, दोन्ही वेळा त्याला उचल मिळते, म्हणून तो हवेत स्थिर राहून मध पितो. शिंजीर चार-दोन क्षण फुलापुढे फडफडतो खरा, पण त्याचे खरे आसन फुलाचा देठ किंवा फांदी हेच असते. म्हणून छायाचित्र हाती येताच आधी पायांकडे पाहावे: ते काही धरून आहेत की पोटाशी ओढलेले आहेत, याचे उत्तर रंगाच्या कितीही वर्णनापेक्षा मोलाचे असते.

या प्रदेशात यायचे तर १७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वेचीही सोय झाली आहे. मराठवाडा मुक्तिदिनी सुरू झालेली ही गाडी बीडकरांच्या काही पिढ्यांनी मागितली होती. बीडहून शिरूरकडे जाताना फाल्गुनात रस्त्याच्या दोन्ही अंगांनी रान पिवळे-करडे झालेले असते आणि मधूनच एखादा पळस पूर्ण पाने गाळून नुसत्या केशरी फुलांवर उभा दिसतो. निरीक्षकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे, कारण पावसाळ्यात ज्या पक्ष्याचा केवळ आवाज ऐकून समाधान मानावे लागते, तोच पक्षी या दिवसांत पानांच्या आडोशाशिवाय, फुलाच्या अगदी काठावर, पूर्ण अंगाने समोर येतो.

पळसाच्या फांदीवरचा नर काही वेळ जवळून पाहिला की छायाचित्रे कोठे फसवतात हे ध्यानात येते. तो फुलांच्या घोसाखालच्या काळसर मखमली देठाला पकडतो, मान वाकवतो, चोच पाकळ्यांच्या खोबणीत घालतो आणि मागे घेतो, आणि त्या घासण्यात फुलातले पिवळे परागकण त्याच्या कपाळाला व हनुवटीला चिकटतात. अशा वेळी घेतलेल्या छायाचित्रात पक्ष्याच्या कपाळावर पिवळा टिळा दिसतो. पुस्तकात तसा टिळा असलेली जात शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा कडा नीट पाहाव्यात: परागाचा डाग विस्कटलेला, दोन्ही बाजूंना असमान आणि पिसांच्या टोकांवर पुडीसारखा असतो, तर पिसांचा स्वतःचा रंग ठरावीक रेषेत संपतो. तोच नर उन्हात डावीकडे वळला तर निळा, मान उचलली तर जांभळा, आणि फांदीच्या सावलीत शिरला तर कोळशासारखा काळा दिसतो. तीन छायाचित्रांत तीन पक्षी आहेत असे वाटावे इतका हा बदल ठळक असतो.

याचे कारण रंगाच्या घडणीत आहे. काळसर रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, सूक्ष्म कणांच्या रूपाने पिसाच्या तंतूंत एकावर एक थर करून रचलेले असते. या थरांवरून परावर्तित होणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून काही रंगांना बळ देतात आणि काहींना पुसून टाकतात. यालाच रचनाजन्य रंग म्हणतात. हमिंगबर्डच्या पिसांतल्या या चकत्या आतून पोकळ, हवा भरलेल्या असतात आणि शिंजिराच्या भरीव असतात, पण परिणाम एकच: प्रकाश, पक्षी आणि भिंग यांच्यातला कोन बदलला की रंग बदलतो. रंगद्रव्यामुळे येणारा पिवळा किंवा तपकिरी रंग असा फिरत नाही. म्हणून छायाचित्रावरून शिंजीर ओळखताना झळाळत्या भागाच्या छटेवर निर्णय सोडू नये. झळाळी शरीराच्या कोणत्या भागापासून कोणत्या भागापर्यंत आहे, तिची सीमा कोठे पडते आणि तिच्याखाली न झळाळणारा रंग कोणता आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यात कॅमेऱ्याचीही एक खोड आहे. उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर यंत्र आपोआप प्रकाश कमी करते आणि आधीच गडद असलेला नर केवळ काळी आकृती होऊन बसतो. सूर्य पाठीशी घेऊन, सकाळच्या पहिल्या दोन तासांत आणि प्रकाशाचे माप थोडे वाढवून घेतलेले छायाचित्र या बाबतीत दुपारच्या दहांपेक्षा अधिक बोलते.

मराठवाड्याच्या या कोरड्या पट्ट्यात मुख्य पक्षी जांभळा शिंजीर हाच होय. विणीच्या काळात त्याचा नर डोक्यापासून पोटापर्यंत गडद निळा-जांभळा असतो, छातीवर एक अरुंद तपकिरी-तांबडी पट्टी असते, आणि मादीपुढे पंख उघडून नाचताना काखेतले पिवळे-केशरी पिसांचे झुबके बाहेर पडतात. हे झुबके एरवी झाकलेले असल्यामुळे छायाचित्रात त्यांचे असणे हा पुरावा आहे, नसणे हा पुरावा नाही. दुसरा शिंजीर पंचरंगी. तो बागा, केळी आणि नारळाची सोबत अधिक पसंत करतो. त्याच्या नराच्या माथ्यावर चमकता हिरवा रंग, पाठीवर तांबूस-तपकिरी, कंठावर आणि पुठ्ठ्यावर जांभळा, त्या कंठाखाली तांबूस पट्टा आणि पोटावर स्वच्छ पिवळा, असे रंगांचे वाटप असते. पोट पिवळे की काळे, एवढ्या एका प्रश्नाने विणीच्या काळातले हे दोन नर वेगळे होतात, आणि त्यासाठी महागडे भिंग लागत नाही.

खरी कसोटी मादीपाशी आहे, आणि छायाचित्रांच्या संग्रहांत सर्वांत जास्त चुका तिच्याच वाट्याला येतात, याचे वाईट वाटते. कारण घरटे विणणारी, अंडी उबवणारी आणि म्हणून त्या जागेशी सर्वाधिक बांधलेली तीच असते. जांभळ्या शिंजिराची मादी वरून मातकट हिरवट आणि खालून हनुवटीपासून पोटापर्यंत फिकट पिवळी असते, आणि तिच्या डोळ्यावर बहुधा फिकट भुवईसारखी रेघ असते. पंचरंगी शिंजिराच्या मादीचा कंठ पांढुरका-राखाडी असून पिवळा रंग छातीपासून सुरू होतो. फरक एवढाच, कंठाचा. मादी फुलात चोच घालून बसलेली असताना कंठ सावलीत असतो, आणि पाठीमागून घेतलेल्या छायाचित्रात तो दिसतच नाही. अशा वेळी एकाच पक्ष्याची वेगवेगळ्या अंगांनी घेतलेली चार साधी छायाचित्रे एका सुंदर छायाचित्रापेक्षा श्रेष्ठ ठरतात, आणि कंठ कोठेच दिसत नसेल तर ‘शिंजीर, मादी’ एवढ्यावर थांबणे हेच शास्त्राला धरून असते.

त्यात ऋतूची भर पडते. विणीचा काळ संपल्यावर जांभळ्या शिंजिराचा नर आपली झळाळती पिसे टाकून मादीसारखे साधे रूप घेतो, त्याला इंग्रजी परंपरेत ग्रहणाचे नाव आहे. पावसाळ्याच्या शेवटापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत असे नर दिसतात. हनुवटीपासून पोटाच्या मध्यावर उतरणारा गडद पट्टा आणि खांद्यावर उरलेली निळसर चमक यांवरून ते मादीपासून वेगळे काढता येतात. पंचरंगी शिंजिराचा नर असे रूप बदलत नाही. म्हणजे कार्तिकात शिरूरच्या एखाद्या अंगणातल्या जास्वंदीवर मध्यभागी काळी रेघ असलेला पिवळट पक्षी टिपला गेला, तर तारीख ठाऊक असणाऱ्याला तो लगेच कळतो आणि तारीख हरवलेल्या छायाचित्रापुढे तोच माणूस अडखळतो. म्हणून तारीख व जागा हा छायाचित्राचाच भाग मानला पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने छायाचित्र पाठवले की त्याचा आकार आकसतो, पिसांचे बारीक तंतू एकमेकांत मिसळतात आणि कॅमेऱ्याने आत नोंदवलेली वेळ-ठिकाणाची माहितीही निघून जाते. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर दोन्ही शाबूत राहतात. गावोगावच्या शाळांतून पक्ष्यांची छायाचित्रे गोळा करणाऱ्यांनी एवढी काळजी घेतली तरी पुष्कळ नोंदी वाचतील.

हमिंगबर्ड म्हणून दाखवल्या जाणाऱ्या काही छायाचित्रांत पक्षीच नसतो. संध्याकाळी घाणेरीच्या किंवा सदाफुलीच्या फुलांपुढे हवेत अगदी स्थिर राहणारा, पंखांची केवळ धूसर छाया दाखवणारा जीव बहुतेक वेळा हॉक मॉथ या गटातला पतंग असतो. त्यांतल्या मॅक्रोग्लॉसम या वंशातले पतंग दिवसाउजेडी उडतात आणि त्यांची हवेतली स्थिरता शिंजिरापेक्षा हमिंगबर्डच्या कितीतरी जवळची आहे. पाहणाऱ्याला फसवणारी ती स्थिरता खरीच आहे, नाव तेवढे चुकते. चित्र मोठे करून पाहिले की डोक्यावर दोन शृंगिका दिसतात, पंखांना पिसे नसून खवले असतात, आणि जी चोच वाटते ती फुलापासून दूर होताच घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळली जाणारी सोंड असते. याच गटातल्या दुसऱ्या एका पतंगाचे पंख काचेसारखे आरपार असून अंग हिरवट असते, आणि त्यालाही अनेक घरांतून पक्षी म्हणून दाद मिळते.

ज्यांना हमिंगबर्डच ओळखायचे आहेत, असे मराठी वाचक आज थोडे नाहीत. अमेरिकेच्या पूर्व भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या परसात साखरेचे पाणी ठेवले की येतो तो बहुधा माणकासारख्या लाल कंठाचा रुबी-थ्रोटेड, कारण त्या भागात वीण घालणारी ती एकच जात आहे. शिरूरप्रमाणे तिथेही गावाचे नाव निम्मे उत्तर देते. कॅलिफोर्नियात मात्र काम कठीण होते. तेथे वर्षभर राहणारा अ‍ॅनाज हमिंगबर्ड, ज्याला रने लेसाँ या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाने रिव्होलीच्या डचेस आना मासेना यांचे नाव दिले, त्याच्या नराचे डोके आणि कंठ गुलाबी-लाल झळाळतात आणि कोन चुकला की काळे पडतात. रूफस आणि अ‍ॅलन्स या दोन जातींच्या माद्या तर इतक्या सारख्या असतात की शेपटीच्या बाहेरच्या पिसांची रुंदी पाहिल्याशिवाय जाणकारही नाव घेत नाहीत. शेपटी पसरलेली असतानाचे एक अस्पष्ट छायाचित्र येथे झळाळत्या कंठाच्या दहा स्पष्ट छायाचित्रांहून उपयोगी पडते. जांभळ्या आणि पंचरंगी शिंजिराच्या मादीसाठी जे कंठाचे स्थान, तेच या दोघींसाठी शेपटीच्या पिसाचे. प्रत्येक जोडीचा निर्णय कोणत्या एका अवयवावर ठरतो, हे आधी माहीत असले तर कॅमेरा तिकडे वळवता येतो.

महाराष्ट्रातल्या शिंजिरांची शास्त्रीय नोंद जुनी आहे. मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनचे पाहणीकाम करणाऱ्या विल्यम हेन्री साइक्स या अधिकाऱ्याने १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. पश्चिम घाटातल्या लाल छातीच्या शिंजिराचे वर्णन त्याच वर्षाचे असून त्या पक्ष्याला संस्थेचे चिटणीस निकोलस व्हिगर्स यांचे नाव मिळाले आहे. साइक्सकडे कॅमेरा नव्हता. त्याचे पक्षी मारून, कातडी भरून, मापे घेऊन नोंदले गेले. आज तेच काम पक्ष्याला हात न लावता होऊ शकते, हा फार मोठा फायदा आहे आणि त्याची जाण ठेवून छायाचित्रे काढली पाहिजेत. व्हिगर्सचा शिंजीर घाटातल्या ओल्या रानाचा, आणि लोटेनचा म्हणून ओळखला जाणारा लांब वाकड्या चोचीचा शिंजीर कोकण-दक्षिणेचा. शिरूरच्या पळसावर या दोघांची अपेक्षा नसते. म्हणून एखादे फोन-अ‍ॅप सिंदफणेकाठच्या छायाचित्राला व्हिगर्सचे नाव देऊ लागले, तर आधी अ‍ॅपला ठिकाण सांगितले आहे की नाही हे तपासावे. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेचे मर्लिन ठिकाण आणि तारीख विचारते ते याच कारणाने.

शिरूर तालुक्यातच तागडगावला सर्पराज्ञी हे वन्यजीवांचे पुनर्वसन केंद्र आहे. तेथे जखमी, विहिरीत पडलेले, तारेत अडकलेले प्राणी-पक्षी आणले जातात. दक्षिणेकडे पाटोदा तालुक्यात १९९४ साली घोषित झालेले, सुमारे ३० चौरस किलोमीटरचे नायगाव मयूर अभयारण्य आहे. मोरांसाठी राखलेल्या त्या झुडपी रानात पळस, हिवर, बोर आणि त्यांवर चढलेली बांडगुळे आहेत, आणि बांडगुळाची नळीदार फुले हे शिंजिरांचे हक्काचे अन्न आहे. पर्यटक मोरासाठी जातो. ज्याला शिंजीर हवा आहे त्याने आंब्या-लिंबावरचे एखादे फुललेले बांडगूळ गाठून त्याच्यापासून दहा-बारा पावलांवर स्वस्थ बसावे. शिंजीर एकाच फुलोऱ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. त्याच्या मागे धावणाऱ्याला पाठमोरी, हललेली चित्रे मिळतात आणि बसून राहणाऱ्याला कंठ, पोट आणि शेपटी आपणहून दिसतात.

माणसांच्या वस्तीचे या पक्ष्याला वावडे नाही. जांभळ्या शिंजिराची मादी कोळ्याच्या जाळ्यांनी गवत, सालीचे तुकडे, वाळक्या पानांचा चुरा एकत्र बांधून लोंबती पिशवी विणते, बाजूच्या दारावर छोटा छज्जा काढते, आणि बाहेरून सालीचे नि अळ्यांच्या विष्ठेचे तुकडे असे काही चिकटवते की घरटे वाऱ्याने अडकलेला कचरा वाटावे. अशी पिशवी वऱ्हांड्यातल्या तारेवर, कपडे वाळत घालायच्या दोरीवर, डाळिंबाच्या खालच्या फांदीवर लोंबताना आढळते. बहुधा दोन अंडी असतात आणि ती एकटी मादीच उबवते, म्हणजे ती उडवली गेली तर अंड्यांवर दुसरे कोणी बसत नाही. घरट्यासमोर पानफांद्या तोडून, मोकळी जागा करून घेतलेले छायाचित्र कावळ्यालाही वाट दाखवते. जातीची ओळख पटवण्यासाठी घरट्याच्या छायाचित्राची गरजही नसते, कारण तीच मादी शंभर पावलांवरच्या रुईच्या किंवा शेवग्याच्या फुलांवर दिवसातून अनेकदा येत असते आणि तेथे तिचा कंठ उन्हात असतो.

ऊसतोडीहून कुटुंबे परततात तेव्हा पळसाचा बहर ओसरलेला असतो, शिंजीर लिंबाच्या मोहराकडे आणि अंगणातल्या जास्वंदी-डाळिंबाकडे वळलेले असतात, आणि तालुक्यातल्या शाळांना परीक्षांनंतर सुट्टी लागते. जास्वंदीच्या लांब नळीपर्यंत चोच नीट पोहोचत नाही म्हणून शिंजीर फुलाच्या तळाशी बाहेरून भोक पाडून मध काढतो. असे तळाशी छिद्र पडलेले फूल आणि त्याशेजारी बसलेली मादी यांचे एकच छायाचित्र, तारीख व गावाच्या नावासह ठेवले गेले, तर शिरूर कासारच्या अंगणात कोणता शिंजीर कोणत्या महिन्यात काय खात होता याची ती पक्की नोंद होते.